केल्म्स्कॉट मॅनर: थेम्सकाठचं चारशे वर्षांचं दगडी शेतघर

थेम्सकाठी

इंग्लंडमधल्या जुन्या वास्तूंवर इथे बरेच धागे आहेत पण बहुतेक सगळे किल्ले, कॅथीड्रल नाहीतर लॉर्ड लोकांच्या हवेल्यांवर. मला एका शेतकऱ्याच्या घराबद्दल लिहायचंय. ऑक्सफर्डशरच्या पश्चिम टोकाला, लेचलेडच्या थोडं पुढे, जिथे थेम्स अजून ओढ्यापेक्षा जरा मोठी एवढीच आहे, तिथे केल्म्स्कॉट नावाचं खेडं आहे आणि त्या खेड्याच्या नदीकडच्या टोकाला हे घर, केल्म्स्कॉट मॅनर. मी स्विंडनला असतो, गाडीने जवळच पडतं, त्यामुळे घरी कोणी पाहुणे आले की लंडनच्या आधी मी त्यांना इथे नेतो.

नावात मॅनर असलं तरी हे काही जहागीरदाराचं घर नव्हे, ते नाव खूप नंतर लागलं. १६०० च्या आसपास टर्नर आडनावाच्या शेतकरी कुटुंबाने हे बांधलं. म्हणजे स्वतःची जमीन असलेला, मेंढ्या गुरं बाळगणारा, हातात चार पैसे आलेला बडा शेतकरी. त्याच सुमाराला इंग्लंडभर अशा शेतकऱ्यांनी जुनी धुरकट घरं पाडून नाहीतर वाढवून धुराडी, वरचा मजला, काचेच्या खिडक्या असलेली पक्की घरं बांधली. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५३ मध्ये या लाटेला ग्रेट रीबिल्डिंग असं नाव दिलं, काळ साधारण १५७० ते १६४० धरला. त्यावर पुढे अभ्यासकांत बरेच वाद झाले पण कॉट्सवोल्डमधून (म्हणजे या भागातल्या चुनखडीच्या टेकड्यांच्या प्रदेशातून) फिरताना दर दोन मैलांवर त्याची खूण दिसते हे खरं.

घर सगळं चुनखडीच्या दगडाचं. समोरच्या भिंतीत मोठे घडीव चिरे शोधू नका, बहुतेक भिंत ओबडधोबड दगड थरात लावून चुन्यात बांधलेली आहे, घडीव दगड फक्त कोपऱ्यांना आणि खिडक्यांच्या चौकटींना. कारण सरळ आहे, घडीव कामाला मजुरी पडते. खिडक्यांना लाकडी चौकट नाही, दगडाचेच उभे दांडे आणि त्यांच्यामध्ये शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या छोट्या काचा. खिडकीच्या डोक्यावर दगडाची एक पुढे आलेली पट्टी असते, तिची टोकं खाली वळवलेली, भिंतीवरून येणारं पावसाचं पाणी ती पट्टी खिडकीच्या बाजूला नेऊन सोडते. आता एवढ्याशा गोष्टीचं काय कौतुक असं वाटेल पण जवळ जाऊन त्या पट्टीच्या खालची बाजू बघा, दगड तिथे आत खोदलेला आहे म्हणजे पाणी मागे वळून भिंतीकडे येऊच नये. चारशे वर्षांपूर्वी पाथरवटाने तो एक हात जास्त मारला म्हणून खिडकीचा कोपरा आजही कोरडा राहतो.

जुन्या भागातल्या भिंती वर जाताना किंचित आत कलतात. लक्ष देऊन पाहिलं नाही तर कळत नाही पण त्यामुळे घर जमिनीवर नुसतं ठेवलेलं न वाटता जमिनीतून वर आल्यासारखं वाटतं.

आणि छप्पर. माझ्या मते या घरातली सगळ्यात मोठी गोष्ट छप्पर आहे. कौलं नाहीत, पातळ दगडी फरशा आहेत. पागोळ्यांशी सगळ्यात मोठ्या, दोन्ही हातांनी उचलाव्या लागतील अशा, आणि वर आढ्याकडे जाताना थरागणिक लहान लहान होत आढ्याशी तळहाताएवढ्या. १८७१ पासून या घरात राहिलेल्या विल्यम मॉरिसने लिहून ठेवलंय की माशाचे खवले किंवा पक्ष्याची पिसं बघून जो आनंद होतो तोच या छपराकडे बघून होतो. ते खरं आहेच पण त्या सौंदर्यामागे हिशोब आहे. खाणीतून दगड फुटतो तो सगळ्या मापांत फुटतो, एक माप ठरवलं की अर्धा माल वाया. इथे छोटासा तुकडासुद्धा वर कामाला येतो. जड फरशा खाली आल्या की वजन भिंतीच्या डोक्यावर पडतं, वाशांच्या मधोमध नाही. आणि छपराचं सगळं पाणी शेवटी पागोळ्यांशी जमतं, तिथे फरशी मोठी म्हणजे सांधे कमी.

फोटो टाकत नाही, जालावर भरपूर आहेत. कोणी गेलं असेल तर लिहा, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांची कामं केलेले लोक इथे आहेत त्यांनी तर जरूर लिहा.

रानजाई

मस्त लिहिलंय. विल्यम मॉरिस म्हणजे तोच ना वॉलपेपर आणि पानाफुलांच्या कापडवाला? मग हे घर शेतकऱ्याचं म्हणायचं की कलाकाराचं? आणि आतून कसं आहे ते पण सांगा, तुम्ही बाहेरच थांबवलंत.

थेम्सकाठी

हो तोच. १८७१ मध्ये त्याने आणि चित्रकार दांते गॅब्रिएल रोझेटीने मिळून हे घर भाड्याने घेतलं, १८७४ मध्ये रोझेटी बाहेर पडला, मॉरिस १८९६ ला जाईपर्यंत येत राहिला. लक्षात घ्या की तो भाडेकरूच होता आयुष्यभर. घर विकत घेतलं त्याच्या बायकोने, जेनने, १९१३ साली. मग मुलगी मे मॉरिस १९३८ पर्यंत राहिली आणि १९६२ पासून ते सोसायटी ऑफ अँटिक्वेरीज या पुरातत्त्व-अभ्यासकांच्या संस्थेकडे आहे. मॉरिसने इथे काय केलं यापेक्षा काय नाही केलं हे मला महत्त्वाचं वाटतं. लंडनमध्ये श्रीमंतांची घरं सजवून देणारी त्याची फर्म होती, मनात आणलं असतं तर याच्या भिंती पाडून हवं तसं केलं असतं, पण तो घर आहे तसं ठेवून राहिला. म्हणून माझं उत्तर, शेतकऱ्याचंच.

आतली रचना जुन्या पद्धतीची. दारातून आत शिरलं की आडवा बोळ, त्याच्या एका अंगाला मुख्य दालन, दुसऱ्या अंगाला स्वयंपाकाकडची बाजू. आत कॉरिडॉर असा प्रकार नाही, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं. वरच्या टॅपेस्ट्री रूममध्ये जायचं तर मॉरिसच्या झोपायच्या खोलीतून वाट. आजच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं पण ज्यांनी माजघरातून बाळंतिणीच्या खोलीत आणि तिथून कोठीत जाणारी घरं पाहिलीत त्यांना काही वाटणार नाही.

१६६५ च्या सुमाराला टर्नरांचं आणखी बरं चाललं असावं, त्यांनी ईशान्येला नवीन भाग जोडला. तिथली छतं उंच, खिडक्या मोठ्या, खाली लाकडी पॅनेल लावलेली खोली, दगडात कोरलेली शेकोटी. बाहेरून बघायला हा भाग फार मजेचा आहे. छपराच्या बाजूच्या तिकोनी भिंती, ज्यांना गेबल म्हणतात, त्या जुन्याच वळणाच्या, पण माळ्याच्या खिडक्यांवर छोटी छोटी तिकोनी शिरोभूषणं बसवलीत, इटलीहून लंडनला आलेल्या फॅशनची. गावच्या पाथरवटाने लांबून ऐकलेली नवी पद्धत आपल्या जुन्या खिडकीवर चढवली. शाळेतल्या पुस्तकात शैली एक संपली की दुसरी सुरू होते, इथे एकाच भिंतीवर दोन्ही शेजारी नांदतात आणि कुठेही खटकत नाही.

माळा मला सगळ्यात आवडतो. वर चढायला अरुंद जिना, वर गेलं की ओकच्या तुळया उघड्या, कुऱ्हाडीचे घाव अजून दिसतात. मॉरिसच्या आधी इथे शेतावरची गडीमाणसं आणि मेंढपाळ झोपायचे.

भूगर्भ

या दगडावर थोडं लिहितो, माझा विषय आहे. कॉट्सवोल्डचा चुनखडक ज्युरासिक काळातला, ढोबळमानाने १६ ते १७ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा हा भाग उथळ उबदार समुद्राखाली होता. भिंग धरून घडीव चिरा पाहिलात तर बारीक गोल दाणे चिकटून बसलेले दिसतील, समुद्रतळावर लाटांनी गडगडत असताना वाळूच्या कणाभोवती चुन्याचे थर चढत गेले त्याचे ते दाणे. त्या दाण्यांमुळे दगड कुठल्याही दिशेने कापता येतो, म्हणून खिडक्यांचे दांडे आणि पट्ट्या त्यात कोरता आल्या. खाणीतून ताजा काढला की ओला आणि मऊ असतो, हवेत राहिला की बाहेरून कडक होत जातो. म्हणून जुने लोक दगड काढल्यावर लगेच घडवून ठेवायचे.

छपराच्या फरशा मात्र वेगळ्या थरातल्या. त्या थरांत उलट गुण लागतो, एकाच दिशेने पापुद्र्यासारखा सुटला पाहिजे. ऑक्सफर्डशरमध्ये स्टोन्सफील्ड नावाचं गाव यासाठी प्रसिद्ध होतं (केल्म्स्कॉटच्या फरशा तिथल्याच असं मी म्हणत नाहीये, कॉट्सवोल्डमध्ये अशा खाणी अनेक होत्या). तिथली पद्धत ऐका. हिवाळ्याच्या तोंडाशी जमिनीखालून मोठे ठोकळे वर काढायचे, शेतात पसरायचे आणि वाळू द्यायचे नाहीत, पाणी घालून आणि झाकून ओले ठेवायचे. कारण एकदा वाळला की तो दगड कधीच फुटत नाही. मग कडक थंडीची वाट बघायची. आतलं पाणी गोठलं की फुगतं आणि दगड थराथरात सुटतो, नंतर हातोडीने नुसतं मोकळं करायचं. रात्री अचानक पाणी गोठवणारी थंडी पडायला लागली तर चर्चची घंटा वाजवायचे आणि गाव अंथरुणातून उठून दगडावरची झाकणं काढायला पळायचं. हिवाळा सौम्य गेला की त्या वर्षी फरशा नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो धंदा बंद पडला.

याच स्टोन्सफील्डच्या फरश्यांच्या खाणींतून मोठ्या प्राण्याची हाडं निघत होती, त्यांच्यावरून विल्यम बकलंडने १८२४ मध्ये मेगॅलोसॉरसचं वर्णन केलं. शास्त्रीय नाव मिळालेला जगातला पहिला डायनोसॉर. घरावर छप्पर घालायला खणत होते आणि हे सापडलं!

पागोळी

भूगर्भ, घंटेची गोष्ट फारच आवडली. मी आर्किटेक्ट आहे, एक वर्ष बाथला होते तेव्हा अशा छपरांचं काम जवळून पाहिलं, त्यात भर घालते.

प्रत्येक फरशीला वरच्या टोकाला एक भोक असतं. त्यात ओकची खुंटी ठोकायची आणि ती खुंटी वाशांवरच्या रिपेला अडकवायची, बस्स. खिळा नाही, फरशी स्वतःच्या वजनाने बसते. आतल्या बाजूने जनावरांचे केस घातलेला चुना लिंपतात म्हणजे वारा आणि बारीक बर्फ आत येत नाही. वजन प्रचंड, शंभर चौरस फुटांना जवळपास टनाच्या आसपास, म्हणून तुळया अशा जाडजूड. आणि उतार खूप तीव्र कारण फरशा हाताने फोडलेल्या, एकमेकींवर घट्ट बसत नाहीत, पाणी पटकन खाली गेलंच पाहिजे. मापांना नावं असतात, बॅचलर काय, विव्हेट काय, जुने कारागीर डोळ्यांनी माप ओळखून हाक मारतात.

पण कॉट्सवोल्डच्या छपराचं खरं कसब दोन पाखी जिथे मिळतात त्या कोनात आहे. आपल्याकडे तिथे पत्र्याची पन्हळ घालतात, इंग्लंडमध्ये इतरत्र शिशाचा पत्रा. इथला चांगला कारागीर शिसं घालतच नाही. खाली निमुळत्या फरशा घडवून एका पाख्याकडून दुसऱ्या पाख्याकडे छप्पर वळवत नेतो, कोपरा असा राहतच नाही, सलग वळण. मी परांचीवर उभी राहून एका म्हाताऱ्या कारागिराला हे करताना पाहिलं, प्रत्येक फरशी तो दोनदा-तीनदा धरून बघायचा, कडेला दोन टिचक्या मारायचा, परत धरायचा, आणि मग ती जागा तिच्यासाठीच केल्यासारखी बसायची. एका कोनात त्याचा अख्खा दिवस गेला. कॉन्ट्रॅक्टर लोक म्हणून शिसं घालायला बघतात, आणि म्हणूनच जिथे हे काम टिकलंय तिथे ते जिवापाड जपलं पाहिजे.

कृष्णाकाठ

सगळे प्रतिसाद वाचले. जरा घरचं विचारतो. आमचा वाईला छोटा वाडा आहे, खाली काळा दगड, वरती विटा, लाकडी खांब-तुळया. वडिलांच्या काळात खालच्या भिंतीला आतून बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला, करणाऱ्याने सांगितलं होतं की आता ओल येणारच नाही. आता ओल आधी दोन फूट होती ती छातीपर्यंत चढलीये, लोणा लागलाय, आणि एका खांबाचं बूड पोचट लागतंय. या इंग्लंडच्या घरांना इतका पाऊस आणि नदीशेजार असून ते कसे टिकवतात? काही शिकण्यासारखं आहे का?

पाथरवट

कृष्णाकाठ, मी वाड्यांची आणि देवळांची दुरुस्तीची कामं करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

केल्म्स्कॉटसारख्या घराच्या भिंती दीड-दोन फूट जाड असतात, दोन बाजूंना दगड आणि मध्ये चुरा-चुना भरलेला. अशी भिंत पाणी पिते. पिऊ द्यायचं असतं. पावसात थोडं आत घेते, ऊन-वारा आला की दर्जांतल्या (म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतल्या) चुन्यातून बाहेर सोडते. चुना दगडापेक्षा मऊ, म्हणून झिजायचं तर तो झिजतो, पन्नास-शंभर वर्षांनी दर्जा खरवडून परत भरल्या की झालं, दगड शाबूत. तिथे सिमेंट भरलं की सगळं उलटं होतं. सिमेंट कडक आणि बंद, पाण्याला वाट दगडातूनच काढावी लागते, तिकडच्या थंडीत ते पाणी दगडात गोठतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मग दर्जा जागेवर आणि मधले दगड खाल्लेले अशी भिंत दिसते. तिकडच्या लोकांनी ही किंमत मोजलीये म्हणून आता जाणकार जुन्या भिंतीला सिमेंट लावू देत नाहीत. आणि त्यांना चुना आणायला लांब जायला लागत नव्हतं, जो दगड भिंतीत तोच भट्टीत भाजला की चुना.

पण इथे एक सांगतो, त्यांचा धडा जसाच्या तसा उचलू नका. आपला काळा पत्थर बेसॉल्ट, तो पाणी जवळजवळ पीत नाही, आणि वाईला दगड फुटेल अशी थंडी पडत नाही. आपल्याकडे सिमेंट दगडाला मारत नाही, ते दगडाच्या शेजाऱ्यांना मारतं, म्हणजे विटा, माती आणि लाकूड. ओलीला खालून बाहेर पडायला जागा नाही म्हणून ती वर विटांत चढते आणि वाटेत खांबाच्या बुडाशी थांबते. तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतंय.

तेव्हा गिलाव्याला हात लावण्याआधी बाहेर जा आणि बघा की रस्ता जोत्याच्या वर आलाय का. गावोगावी डांबराचे थर चढवून चढवून रस्ता उंच झालाय आणि जोतं जमिनीत गेलंय, पावसाचं पाणी सरळ भिंतीत. तसं असेल तर भिंतीलगत चर काढून पाणी लांब न्या. पन्हळी तपासा. मग सिमेंट हलक्या हाताने काढायचं, ब्रेकर लावू देऊ नका, छिन्नीने. भिंत निदान एक उन्हाळा उघडी राहू द्या. त्यानंतर चुन्याचा गिलावा. कळी चुना विझवून मुरवलेला, त्यात वाळू आणि सुरखी (विटांची पूड), चुन्याच्या घाणीत म्हणजे चक्कीत मळून मिळाला तर उत्तम. गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी हे सगळं घालतात पण त्याचं प्रमाण जाणत्याच्या हाताने, यूट्यूब बघून नको. खांबाच्या बुडाचं मात्र लगेच कोणाला तरी दाखवा, ते थांबणार नाही.

कृष्णाकाठ

रस्ता जोत्याच्या वर आहे. चांगला वीतभर वर आहे. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं. खूप आभार, खांबाचं या आठवड्यातच बघतो.

थेम्सकाठी

पाथरवट, तुमचा प्रतिसाद तर स्वतंत्र लेख म्हणून टाका असा आग्रह करतो. केल्म्स्कॉटलाही ओलीचा त्रास होताच, नदीकाठचं सपाट कुरण आहे, पूर येतो. मे मॉरिसनंतर घर बरंच खचलं होतं, १९६० च्या दशकात मोठी दुरुस्ती झाली आणि परत आता मोठं काम होऊन २०२२ ला उघडलं.

चुना आणि सिमेंटवरून आठवलं, या सगळ्या विचाराची चळवळच मॉरिसने सुरू केली. त्या काळात इंग्लंडमध्ये जुन्या चर्चची दुरुस्ती म्हणजे जुने गिलावे खरवडायचे, नंतरच्या शतकांत झालेलं काम काढून टाकायचं आणि आर्किटेक्टच्या मनातलं आदर्श मध्ययुग उभं करायचं. केल्म्स्कॉटहून जवळच बर्फर्ड आहे, तिथल्या चर्चचं काम १८७६ मध्ये बघून मॉरिस अस्वस्थ झाला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये ट्यूक्सबरीच्या ॲबीचं (जुन्या मठाच्या चर्चचं) काम निघतंय हे वाचल्यावर त्याने साप्ताहिकाला कडक पत्र लिहिलं आणि त्याच महिन्यात सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज स्थापन झाली. ती आजही आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की रोजच्या काळजीने पडझड लांबवा, नव्याने घातलेला तुकडा नवा म्हणून दिसू द्या, जुन्याची बतावणी करू नका.

आता मुंबईकरांसाठी. ट्यूक्सबरीचं काम ज्यांच्याकडे होतं ते सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. आपला राजाबाई टॉवर आणि मुंबई विद्यापीठाचं लायब्ररी-सभागृह यांचे नकाशे याच स्कॉटचे, इंग्लंडमध्ये बसून काढलेले, ते मुंबईला कधी आले नाहीत. टॉवर १८७८ ला पूर्ण झाला. म्हणजे इकडे मॉरिस त्यांच्याशी भांडत होता त्याच वेळी तिकडे फोर्टात टॉवर चढत होता. मला राजाबाई टॉवर अतिशय प्रिय आहे आणि तरीही या भांडणात मी मॉरिसच्या बाजूने आहे, नवीन बांधताना स्कॉट थोर, जुन्याला हात लावताना नको.

अनू लीड्स

सगळं पटलं पण एक म्हणायचंय. हे घर वाचलं कारण तिथे मॉरिस राहिला. संरक्षित इमारतींच्या ग्रेड वन या सगळ्यात वरच्या यादीत आहे, एक खिळा ठोकायचा तरी परवानगी. ज्या शेतघरात कोणी प्रसिद्ध राहिलं नाही त्यांचं काय? आमच्या यॉर्कशरमध्ये गावागावात दगडी गोठे आणि कोठारं आहेत, शेती परवडत नाही म्हणून विकली जातात, मग तिथे लक्झरी घर होतं. आमच्या घराजवळच्या एका कोठाराला छपरात आठ काचेच्या खिडक्या पाडल्यात, आणि अंगणात खडी टाकून तीन गाड्या. भिंत तीच आहे पण कोठार गेलं.

पागोळी

अनू, दुःख समजतं, पण रिकामं कोठार किती टिकतं? छपराला एक भोक पडलं की दहा-पंधरा वर्षांत तुळया गेल्या. वापर मिळाला तर ते उभं राहील. भांडायचं ते कसं करतात यावर. कोठाराची ओळख म्हणजे सलग छप्पर आणि मोठं दार. काच लावायचीच तर त्या मोठ्या दारात लावा, छप्पर अखंड ठेवा. चांगली उदाहरणं आहेत तशी.

अनू लीड्स

हे मान्य. छप्पर अखंड ठेवलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

डेव्हनवाली मावशी

आमच्या बाजूचं पण सांगते गं. डार्टमूरला जी जुनी शेतघरं आहेत ती ग्रॅनाइटची, त्यांना लाँगहाउस म्हणतात. लांबलचक एकच इमारत, मधोमध आरपार बोळ, वरच्या अंगाला माणसं आणि खालच्या अंगाला गुरं, सगळी एका छपराखाली आणि एकाच दाराने आत. उतारावर बांधलेलं असतं आणि गुरं मुद्दाम खालच्या बाजूला, म्हणजे गोठ्यातली नाली उतारानेच बाहेर जाते. पाउंड्सगेटजवळ हायर अपाकॉट म्हणून मध्ययुगातलं एक आहे, त्याचा गोठा अजून गोठाच आहे, त्याची खोली केलेली नाही. ग्रॅनाइट इतका कठीण की कोरीव काम फार करता येत नाही, त्यामुळे घरं बसकी आणि गंभीर. केल्म्स्कॉटचं कोरीव कौतुक तिथे नाही पण थंडीत गुरांची ऊब घरभर, धाकट्या वासराला रात्री उठून बघायचं तर चार पावलं. मी लहानपणी आजोळी, पाटणजवळ, पडवीतल्या गुरांचा आवाज ऐकत झोपलेय, त्यामुळे मला ते घर बघून परकं वाटलंच नाही.

रानजाई

मावशी, छानच. मी कापडवाली असल्यामुळे एकच भर. मॉरिसचं स्ट्रॉबेरी चोरणाऱ्या पक्ष्यांचं निळं कापड सगळ्यांनी पाहिलं असेल, पिशव्यांपासून मगपर्यंत सगळ्यावर असतं. ते १८८३ चं, आणि ते पक्षी या केल्म्स्कॉटच्या बागेतले, जाळीखाली शिरून खरोखर स्ट्रॉबेऱ्या खायचे. ते छापायला आधी अख्खं कापड निळीच्या हौदात बुडवायचं आणि मग जिथे रंग नको तिथला निळा काढून टाकायचा, त्यावर बाकीचे रंग. वेळखाऊ काम, म्हणून महाग. आता घराबद्दल एवढं वाचल्यावर वाटतं की छपरावरची फरशी घडवणारा आणि हे छापणारा यांच्यात फार अंतर नव्हतं आणि मॉरिसला तेच दिसलं असणार.

थेम्सकाठी

रानजाई, अगदी तसंच. गावच्या चर्चच्या आवारात त्याचं थडगं आहे, त्याच्या मित्राने, फिलिप वेबने घडवलेलं, दोन्ही बाजूंना उतरतं दगडी छप्पर असावं तसा आकार. शेवटी त्याला आणलंही शेतावरच्या गाडीतून, विलोच्या फांद्यांनी सजवून.

बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोप पाठवून कसं जायचं ते विचारलंय म्हणून इथेच लिहितो. घर साधारण एप्रिल ते ऑक्टोबर उघडं असतं आणि तेही आठवड्यातले ठरावीक दिवस, तेव्हा निघायच्या आधी त्यांच्या साइटवर वार बघून तिकीट काढून ठेवा. सार्वजनिक वाहनाने जाणं कठीण, गाडी हवी. चालायची आवड असेल तर लेचलेडला गाडी लावून थेम्सच्या काठाकाठाने या, पायवाट चांगली आहे, फक्त पाऊस झाला असेल तर बूट हवेत. आत गेल्यावर बागेमागचा तीन जणांनी शेजारी बसायचा संडास बघायला विसरू नका, लहान मुलांना तोच सगळ्यात आवडतो. आवारातला कबुतरखाना पण बघा.

परत येताना वाकडी वाट करून फॅरिंग्डनजवळ ग्रेट कॉक्सवेलचं कोठार बघाच. ब्यूली ॲबीच्या साधूंचं धान्याचं कोठार, तुळयांच्या तपासणीवरून १२९० च्या दशकातलं ठरलंय, लांबी सुमारे १५२ फूट. बाहेरून दगडी भिंती पण आत दोन ओळींत ओकचे खांब, प्रत्येक खांब उंच दगडी चौथऱ्यावर, म्हणजे ओल लाकडाला लागूच नये (कृष्णाकाठ, हे तुमच्यासाठी). मॉरिस पाहुण्यांना हट्टाने तिथे न्यायचा, कॅथीड्रलच्या तोडीचं मानायचा. नॅशनल ट्रस्टकडे आहे, तिकीट अगदी किरकोळ. अनू, तुम्ही लीड्सहून खाली आलात तर कळवा, आधी कोठार बघू मग घर, आणि पागोळीताईंना पण बोलावू, छपरातल्या त्या वळणाच्या कोनांबद्दल मला जिथल्या तिथे उभं राहून विचारायचंय.